पुढच्या चाकांवर जोर असलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी वळणावर बाहेर का जाते, हा अंडरस्टीअर (स्टीअरिंग वळवूनही नाक बाहेर जाणं) कमी कसा करायचा?

आधी खर्च करू नका, आधी पाय सुधारा. मी नाशिकहून वणीमार्गे सापुताऱ्याला जातो, तिथल्या घाटात माझीपण गाडी अशीच नाक बाहेर काढायची, आणि कारण मीच, वळणात शिरतानाच ॲक्सिलरेटर द्यायचो. या गाड्यांत बहुतेक ताकद पुढे जाते, मागच्या चाकांना ताकद देणारा वेगळा क्लच (पायाखालचा नव्हे) त्यांना नंतर जोडतो, म्हणजे पुढच्या टायरने वळायचंपण आणि ओढायचंपण, मग ग्रिप संपते. ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत मारा, थोडा हलका ब्रेक आत शिरेपर्यंत राहू द्या म्हणजे वजन पुढे राहतं, आणि स्टीअरिंग सरळ होऊ लागल्यावरच पॉवर द्या. नाक सरकलंच तर जास्त वळवू नका, ॲक्सिलरेटर हळू सोडा.

मग टायर. चांगले टायर म्हणजे अर्धं काम, चारही सारखेच घ्या, झिजपण सारखी हवी, नाहीतर तो क्लच तापतो.

त्यानंतर अलाइनमेंटवाल्याकडे पुढे निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं असणं) थोडा वाढवून घ्या, दीड डिग्रीच्या आसपास, टायर आतून जरा जास्त झिजेल. मागे जाड अँटी-रोल बार (गाडी वळणात कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) टाकला की फरक लगेच कळतो, पण पावसाळ्यात घाटात मागचं टोक सुटू शकतं, म्हणून मी तरी एकच पायरी जाड घेतला.