वाचकांचे प्रश्न : उजवी लेन आणि साइड देण्याची रीत

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे महामार्गावर एकमेकांना ओलांडण्याविषयी आहेत. नाशिकमधून मुंबई, पुणे, धुळे आणि गुजरात अशा चारही दिशांना वाहतूक जात असल्यामुळे आपल्या वाचकांना हा प्रश्न रोज भेडसावतो, म्हणून संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त आठवड्यातून दोनदा स्वतःच्या कारने ठाण्याला जातो. गोंदे सोडले की मी उजवी लेन धरतो आणि वेगमर्यादेच्या आत, एकसारख्या वेगाने जातो. तरीही मागच्या गाड्या डिपर मारत राहतात, अगदी बंपरला येऊन चिकटतात. कायदा मी पाळतो आहे आणि ते मोडत आहेत, मग बाजूला मी का व्हावे? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आपल्या पत्रात वेग आणि जागा हे दोन वेगळे विषय एकत्र झाले आहेत. आपला वेग योग्य आहे, जागा मात्र योग्य नाही. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. मोटार वाहने चालविण्याबाबतच्या २०१७ च्या विनियमांनुसार चालकाने शक्य तितके डाव्या बाजूने जावे आणि पुढचे वाहन उजवीकडून ओलांडावे, अशी अपेक्षा आहे. एका दिशेला दोनच लेन असतील, तर तिथे उजवी लेन ही ओलांडण्यापुरती वापरायची जागा ठरते. तिच्यात आपण ज्या कामासाठी गेलो ते काम झाले की ती रिकामी करणे हे आपले कर्तव्य आहे, मग मागच्या माणसाचा वेग कितीही असो.

मागचा चालक मर्यादा ओलांडत असेल तर त्याची दखल घेण्यासाठी पोलीस आहेत, कॅमेरे आहेत. ते काम आपण आपल्या गाडीची भिंत करून हाती घेतले, तर तो माणूस हळू होत नाही. तो डावीकडे घुसतो आणि आपली कार व डावीकडचा ट्रक यांच्या मधल्या फटीतून निघून जातो. चूक त्याची असते, पण ती घडते आपल्या डाव्या दरवाजापासून दोन फुटांवर, आणि त्या दरवाजाशी बहुधा आपल्या घरचेच कोणीतरी बसलेले असते.

डावीकडे कधी परतावे, याचा सोपा अंदाज असा की, ओलांडलेल्या वाहनाचा संपूर्ण दर्शनी भाग, दोन्ही दिव्यांसह, आतल्या आरशात दिसू लागला की डावा इंडिकेटर देऊन आत यावे. पुढचा ट्रक इतका जवळ असेल की आठ-दहा सेकंदांत पुन्हा बाहेर पडावे लागेल, तर मध्येच आत येण्याची गरज नाही. दोन्ही ट्रक ओलांडून मगच या. सतत आत-बाहेर करणारी गाडी कोणालाच नको असते. आणखी एक गोष्ट मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. साइड दिल्यानंतर ॲक्सिलरेटरवरचा पाय वाढू देऊ नका. कोणी आपल्याला ओलांडत असताना वेग वाढवणे हा स्पष्ट नियमभंग आहे, आणि तरीही चांगली शिकलीसवरलेली माणसे तो करतात, कारण बाजूला होणे त्यांना मनातून कमीपणाचे वाटते.

आता मागच्या माणसाविषयी. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे, म्हणजे साधारण ५५ मीटरचे अंतर हवे. इगतपुरीच्या पावसात, ट्रकच्या चाकांमागे पाण्याचा धूर उठतो तेव्हा त्याच्या दुप्पट. बंपरपासून पाच मीटरवर येणाऱ्याने स्वतःकडे पाव सेकंदही शिल्लक ठेवलेला नसतो, आणि तेवढ्यात पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही. लांबून एकदा दिलेला डिपर ही साइडची विनंती असते आणि ती मान्य करण्यात सभ्यता आहे. लागोपाठ डिपर आणि हॉर्न ही दमदाटी होय. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-फ नुसार पहिल्या वेळी १ हजार आणि पुढे २ हजार रुपये दंड आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. तरीही असा माणूस मागे लागला तर त्याला शिकवण्याच्या फंदात न पडता पहिली सुरक्षित जागा मिळताच आत या.

प्रश्न : धुळ्याकडून येताना मालट्रक उजवी लेन सोडतच नाहीत. हॉर्न, डिपर, काहीही केले तरी उपयोग होत नाही. अशा वेळी डावीकडून गाडी काढली तर चूक आहे का? – एक वाचक, ओझर

उत्तर : आपली तक्रार खरी आहे. काही वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या चालकाच्या मालट्रकमध्ये, क्लीनरच्या जागेवर बसून आडगावपासून कसाऱ्यापर्यंत गेलो होतो. त्या प्रवासाने माझे मत बदलले नाही, पण त्याला दुसरी बाजू मिळाली.

डाव्या लेनमध्ये त्या दिवशी काय काय होते ते सांगतो. दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल. पेट्रोल पंपावर जाण्यासाठी उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर. ढाब्यासमोर उभा केलेला कंटेनर, ज्याचे शेपूट तीन फूट लेनमध्ये आले होते. फाट्यावर हात दाखवताच जागीच थांबणारी काळी-पिवळी. कांद्याच्या दिवसांत यात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या येतात आणि द्राक्षांच्या हंगामात क्रेट भरलेले पिकअप. अशा प्रत्येक अडथळ्याला भरलेला ट्रक तीसवर आणायचा आणि पुन्हा साठवर न्यायचा, म्हणजे डिझेल जाते आणि वेळही जातो. म्हणून चालक उजवी लेन धरून बसतात. हे कारण समजून घेण्याजोगे आहे, समर्थनीय नाही; डावी लेन मोकळी असतानाही उजवीकडेच राहायचे ही त्यातून लागलेली सवय तर मुळीच नाही.

त्याच प्रवासात मी दुसरी गोष्ट पाहिली, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तीत आहे. आमच्या मागची एक पांढरी कार डावीकडे सरकली आणि पुढे येऊ लागली. मी डाव्या दरवाजाशीच बसलो होतो, तरी आरशातून ती नाहीशी झाली. खिडकीबाहेर डोके काढून वाकून पाहिले तेव्हा तिचे छत माझ्या पायाखाली, पुढच्या चाकाला लागून दिसले. उजवीकडे बसलेल्या चालकाच्या दृष्टीने त्या वेळी तिथे काहीही नव्हते. त्याच क्षणी त्याने आपल्यासारख्याच कोणाच्या तरी डिपरला मान देऊन डावीकडे घेतले असते, तर साइड देण्याच्या सभ्यपणामुळेच अपघात झाला असता.

म्हणून सर्वसाधारण उत्तर असे की, डावीकडून काढू नये. पुढचे वाहन उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्याकडे गेले असेल, तर डावीकडून जाण्यास नियमाने मुभा आहे. कोंडीत दोन्ही लेन रांगेने हळूहळू सरकत असतात तेव्हा आपली डावी रांग पुढे गेली, तर त्याला मी ओलांडणे म्हणणार नाही. एरवी नियमाविरुद्ध ओलांडण्याचा समावेश २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मधील धोकादायक वाहन चालवण्यात झाला आहे. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो.

साइड मागताना ट्रकच्या मागे इतके अंतर ठेवा की त्याच्या उजव्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसेल. आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. तिथून एकच डिपर द्या आणि थांबा. त्याला डावीकडे मोकळी जागा मिळेपर्यंत अर्धा-एक किलोमीटर जाऊ शकतो, आणि ही वाट पाहणे बहुतेकांना जमत नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेल्या पाट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हॉर्नचीच सवय लावली. राज्याने २०१५ मध्ये त्या पाट्यांना मनाई केली, सवय मात्र अजून गेलेली नाही.

ट्रकचालक वाचकांनाही एक विनंती आहे. साठच्या वेगाने जाणारा ट्रक पंचावन्नने जाणाऱ्या ट्रकला ओलांडतो, तेव्हा दोघांची लांबी आणि मागचे-पुढचे सुरक्षित अंतर धरून त्याला सुमारे पाऊण मिनिट लागते आणि तेवढ्यात तो पाऊण किलोमीटर जातो. तोवर मागे दहा-बारा गाड्यांची रांग तयार झालेली असते. डावीकडच्या चालकाने पाय किंचित उचलून वेग पन्नासवर आणला, तर हाच वेळ निम्म्यावर येतो. त्याचे नुकसान काही सेकंदांचे होते आणि मागच्या सगळ्यांचा जीव शांत होतो. जुने चालक हे न सांगता करत आणि ओलांडून गेलेला चालक डावा इंडिकेटर दोनदा लुकलुकवून आभार मानत असे. असा चालक दिसला की मला आजही मनापासून आनंद होतो.

प्रश्न : पेठ रस्त्यावर पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला. ‘जा’ म्हणतो आहे असे समजून मी बाहेर पडलो, तर समोरून एसटी आली. थोडक्यात वाचलो. इंडिकेटरचा नेमका अर्थ काय समजायचा? – एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : आपण सुखरूप आहात, हे वाचून बरे वाटले. कायद्याने इंडिकेटरचा अर्थ एकच आहे : मी या बाजूला वळतो किंवा सरकतो आहे. रस्त्यावरची बोली मात्र निरनिराळी आहे. डावा इंडिकेटर देऊन किंवा खिडकीतून हात हलवून ‘पुढे जा’ सांगणारे चालक आहेत. समोरून वाहन येत असल्यास उजवा इंडिकेटर देऊन ‘थांब’ सांगणारे आहेत. आणि ‘माझ्या उजवीकडून जा’ या अर्थाने तोच उजवा इंडिकेटर देणारेही आहेत. पेठ रस्त्यावर गुजरातकडून आलेली आणि आपल्याकडची वाहने एकत्र धावतात, तेव्हा कोण कोणत्या बोलीत सांगतो आहे हे मागून कळण्याचा मार्ग नाही. शिवाय तो ट्रक खरोखरच उजवीकडच्या शेतरस्त्याला वळणार असू शकतो. म्हणून उजवा इंडिकेटर दिसला की बाहेर पडायचे नाही, असेच धरून चाला. डाव्या इंडिकेटरला किंवा हाताला ‘त्याच्या मते रस्ता मोकळा आहे’ एवढीच किंमत द्या आणि निर्णय स्वतःच्या डोळ्यांनी घ्या.

डोळ्यांना किती रस्ता दिसला पाहिजे, याचा हिशेब करून पाहा. ट्रक चाळीसने चालला आहे आणि आपण साठने ओलांडणार आहात. वीस मीटर मागून निघून वीस मीटर पुढे आत येईपर्यंत सुमारे दहा सेकंद लागतात आणि आपण साधारण १६५ मीटर जाता. तेवढ्याच वेळात समोरून साठने येणारी एसटीही १६५ मीटर जवळ येते. म्हणजे सव्वातीनशे मीटर तर केवळ हिशेबाचेच झाले. चुकीला थोडी जागा ठेवायची तर चारशे मीटर सरळ, रिकामा रस्ता दिसला पाहिजे. कोटंबी घाटात तो दिसत नाही, म्हणून तिथे ट्रकच्या मागे राहणे हाच उपाय आहे. अखंड पिवळी रेघ जिथे आहे तिथे तर प्रश्नच उरत नाही. पुढची कार ट्रकला ओलांडते आहे म्हणून तिच्या पाठोपाठ जाऊ नका; तिच्यापुरती असलेली मोकळी जागा आपण पोचेपर्यंत संपलेली असते. समोरच्या वाहनाने डिपर दिला, तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतो आहे, बाहेर पडू नका’ असा असतो; ती वाट दिल्याची खूण समजू नये.

प्रश्न : मागून रुग्णवाहिका आली तर कोणत्या बाजूला व्हावे? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : इंडिकेटर देऊन डावीकडे, आणि शक्य तितक्या लवकर. दोन्ही लेन भरलेल्या असतील तर डाव्या लेनमधल्यांनी साइडपट्टीकडे सरकून उजवीकडच्यांना आत घ्यावे. वाट न दिल्यास कलम १९४-इ नुसार १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. रुग्णवाहिकेने मोकळ्या केलेल्या वाटेतून तिच्या मागोमाग गाडी पळवणे मला अतिशय लाजिरवाणे वाटते.

प्रश्न : पन्नाशीत गाडी शिकले, परवानाही मिळाला. शहरात चालवते. पण सिन्नरला मुलीकडे जाताना पुणे महामार्गावर लोक इतके हॉर्न वाजवतात की, महिन्याभरात मी गाडी तिकडे नेलेली नाही. माझे काय चुकते? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ताई, तुमचे बहुधा काहीच चुकत नाही. डाव्या लेनमध्ये, आरसे पाहत, आपल्याला झेपेल अशा एकसारख्या वेगाने जाणाऱ्या चालकाला हॉर्न वाजवण्याचा अधिकार कोणाला नाही. मागचा हॉर्न ही माहिती समजा, आज्ञा नव्हे : मागे कोणीतरी आहे, एवढेच. घाबरून एकदम डावीकडे कच्च्या साइडपट्टीवर उतरू नका आणि ब्रेकही लावू नका. सरळ चालत राहा. उजवी लेन त्याच्यासाठी मोकळी आहे, तो जाईल.

रविवारी सकाळी सात वाजता, सोबत घरचे कोणी अनुभवी माणूस घेऊन निघा. शिंदे-पळसेपर्यंत फक्त डावी लेन आणि आरसे, इतकाच सराव करा. मोहदरी घाट सुरू होण्यापूर्वी योग्य गिअर टाका आणि घाटात कोणालाही ओलांडू नका. पहिल्या दोन फेऱ्यांत एकही वाहन ओलांडले नाही तरी काही बिघडत नाही. सिन्नरला पाच-सात मिनिटे उशीर होईल इतकेच. तिसऱ्या फेरीत सरळ रस्त्यावर एखादा हळू चाललेला ट्रॅक्टर निवडा. आरसा, उजवा इंडिकेटर, मान वळवून एक नजर, मग बाहेर. तो ट्रॅक्टर आतल्या आरशात पूर्ण दिसला की डावा इंडिकेटर आणि आत. मागच्या काचेवर ‘नवीन चालक’ अशी ठळक चिठ्ठी लावा. ती वाचून अंतर ठेवणारे चालक तुम्हाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ आहेत. पोचलात की आम्हाला एक पत्र जरूर पाठवा.