आधी त्याचा फोन उचल

प्रिय बाळा,

काल डॉक्टरांनी तुझा गुडघा तपासून हा सीझन विसर म्हटल्यावर तू बुटांच्या नाड्या ओढून काढल्यास, खिशात कोंबल्यास आणि बूट बाकाखाली ढकललेस. तेव्हा मला शब्दच सुचले नाहीत, म्हणून आज लिहितोय.

ब्रायन क्लफ तुला माहीत असेल तो नॉटिंगहॅम फॉरेस्ट या इंग्लिश फुटबॉल क्लबचा मॅनेजर म्हणून. 1978 ची इंग्लिश लीग, मग 1979 आणि 1980 असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वात मोठा कप. मला त्याच्या आधीचा क्लफ सांगायचाय. 274 लीग सामन्यांत 251 गोल मारलेला स्ट्रायकर. 26 डिसेंबर 1962 ला त्याच्या संडरलंड क्लबच्या रोकर पार्क मैदानावर तो बेरी संघाच्या गोलकीपरवर आदळला आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. वय 27. पावणेदोन वर्षांनी परतला, जेमतेम तीन सामने खेळला. संपलं.

पण त्याच दिवसांत क्लबनं त्याच्या हाती ज्युनियर पोरांचा संघ दिला, आणि आपल्याला शिकवता येतं हे त्याला उमगलं. म्हणून सांगतो, कुबड्या घेऊन का होईना, ग्राउंडवर येत जा. बारा-तेरा वर्षांची पोरं आहेत, त्यांना पहिला टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, तू शिकव.

1965 मध्ये, तिशीत, तो हार्टलपूल्सचा मॅनेजर झाला. चौथ्या डिव्हिजनच्या तळाला रुतलेला, पैशाची चणचण असलेला क्लब. गरज पडली तर टीमची बस आपणच चालवू म्हणून त्यानं बसचं लायसन्स काढलं! मला हा क्लफ युरोपियन कप उचलणाऱ्या क्लफपेक्षाही जवळचा वाटतो.

तिथं तो एकटा गेला नव्हता. मिडल्सब्रो क्लबमधला जुना गोलकीपर मित्र पीटर टेलर बरोबर होता. खेळाडू हेरायची नजर टेलरची, त्यांच्याकडून खेळ काढून घ्यायची हातोटी क्लफची. डर्बी क्लबला 1972 मध्ये लीग जिंकून दिली ती दोघांनी, आणि फॉरेस्टचे युरोपियन कपही दोघांचेच. मग 1983 मध्ये एका खेळाडूच्या बदलीवरून फाटलं आणि बोलणंच बंद झालं. 1990 मध्ये टेलर गेला, तोवर समेट झालेला नव्हता. क्लफला ते आयुष्यभर सलत राहिलं.

तुझा गुडघा ज्याच्यावर आदळून गेला, तो आपला गोलकीपर रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन तुझी चौकशी करतो. तू त्याचा फोन उचलत नाहीस म्हणे. आज उचल. उद्या सकाळी सहाला दोघंही या, बॉल आणि कोन मी आणतो.

तुझा,
सर