विश्वस्त व्हायच्या आधी प्रोसिडिंग बुक मागा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालात. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका जुन्या विद्यार्थी वसतिगृहाचे लोक म्हणताहेत, 'विश्वस्त म्हणून या, महिन्याला एक मीटिंग, बाकी काही त्रास नाही.' होकार देण्याआधी काय बघावं, दिल्यावर नेमकं काय करावं आणि उद्या काही गडबड झाली तर ती आपल्या अंगावर येते का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. येते. मीटिंगला गप्प बसलेल्याच्याही अंगावर येते.

मी 19 वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाची विश्वस्त आहे. पेठ, सुरगाण्याकडच्या मुली इथे राहून शिकतात. मला तिसरंच वर्ष होतं तेव्हाची गोष्ट. न्हाणीघरं बांधायला देणग्यांतून साडेचार लाख जमले होते, बांधकामाला अजून वेळ होता. एक जण म्हणाले, अमुक पतसंस्थेत ठेवू, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळतात, अध्यक्ष आपल्या ओळखीचे आहेत. चहा आला होता, सगळ्यांना घरी जायची घाई होती. 'अनुमोदक कोण?' चिटणीसांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.

पतसंस्था बुडाली. मग कळलं की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 35 मध्ये ट्रस्टचा पडून असलेला पैसा कुठे ठेवायचा ते स्पष्ट लिहिलेलं आहे: शेड्यूल्ड बँक (रिझर्व्ह बँकेच्या यादीतली), पोस्ट, शासनाने त्यासाठी मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे वगैरे. ओळखीची पतसंस्था त्यात बसत नाही. विचारणा झाली तेव्हा प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांचं इतिवृत्त लिहायची वही, उघडलं गेलं. चिटणीसांच्या सुवाच्य अक्षरात माझं पूर्ण नाव, पुढे 'अनुमोदक', खाली 'ठराव सर्वानुमते मंजूर'. मान हलवली एवढंच मी केलं होतं, पण कागदावर ती माझी संमती होती. आम्ही सात जणांनी ती रक्कम वाटून भरली, माझ्या वाट्याला सुमारे 64 हजार आले. त्याचं मला फार वाटलं नाही. मुलींनी आणखी चार हिवाळे पत्र्याच्या आडोशाला अंघोळी केल्या, त्याचं वाटतं. नाशिकची डिसेंबरातली पहाट तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून होकार देण्याआधी चार कागद मागा: ट्रस्टची घटना, शेड्यूल वनचा (ट्रस्टची नोंदणी करणाऱ्या धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा) ताजा उतारा, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि प्रोसिडिंग बुक. पहिले तीन झेरॉक्स करून देतात. चौथं मात्र त्यांच्या ऑफिसात बसून, मूळ वहीच चाळा. पानांना क्रमांक आहेत का, मध्ये कोऱ्या जागा सोडून खाली सह्या घेतल्यात का, दर सभेत तेच दोघे सूचक-अनुमोदक आहेत का, गेल्या वर्षभरात कुणी एक तरी प्रश्न विचारल्याची नोंद आहे का. तासाभरात संस्थेचा स्वभाव कळतो. वही 'सरांच्या घरी आहे' असं उत्तर मिळालं तर ती येईपर्यंत थांबा.

शेड्यूल वनवर विश्वस्तांची नावं आणि मिळकती असतात. आपल्याकडे कित्येक संस्थांच्या उताऱ्यावर दिवंगत मंडळी अजून विश्वस्त आहेत, कारण चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, कुणी भरलाच नाही. कलम 22 प्रमाणे बदल झाल्यापासून 90 दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. उशीर झाला की विलंबमाफीचा अर्ज, वकील, तारखा. बँकेत सही बदलायला गेलात की पहिल्यांदा हाच उतारा मागतात. तुमच्या नावाचा रिपोर्ट दाखल झाल्याची पोच स्वतःजवळ ठेवा. पुढे कधी बाहेर पडलात तर तेव्हाचीही ठेवा, नाहीतर राजीनामा देऊनही उतारा तुम्हालाच विश्वस्त म्हणत राहील.

ऑडिट रिपोर्टमध्ये नफातोट्यापेक्षा ऑडिटरचे शेरे आणि ताळेबंदातली 'येणे', 'अनामत', 'उचल' ही खाती बघा. एकाच नावावर वर्षानुवर्षं तीच उचल दिसत असेल तर ती का, हे विचारा. आयकराच्या ज्या नोंदण्यांना 12-अ (संस्थेला करसवलत) आणि 80-जी (देणगीदाराला वजावट) म्हणतात, त्यांची मुदत कधी संपते तेही विचारून घ्या. देणगीदाराला 2,000 रुपयांच्या वर रोख देणगीवर 80-जीची वजावट मिळत नाही, हे पावती फाडणाऱ्याला माहीत असायला हवं.

तुमच्या बाबतीत जागेचं मला जास्त वाटतं. गंगापूर रोडवर जुन्या वसतिगृहाची जमीन म्हणजे आज ना उद्या कुणीतरी बिल्डर नकाशा घेऊन येणार. 'अर्धी जागा द्या, नवी इमारत बांधून देतो.' ऐकायला गोड असतं. पण कलम 36 प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्टा इमारतीचा किंवा बिनशेती जागेचा तीन वर्षांच्या वर, शेतजमिनीचा दहा वर्षांच्या वर असेल तरीही लागते. ट्रस्टच्या नावावर कर्ज काढायलासुद्धा, मग ते मिळकत गहाण ठेवून असो वा नसो, 36-अ खाली लागते. 'परवानगी नंतर घेऊ, आधी विसार घेऊन टाकू' असं कुणी म्हणालं की तिथेच हात वर करा.

आता हात वर करण्याबद्दल. भांडायची गरज नाही. 'माझा विरोध कारणासह नोंदवा' एवढं वाक्य शांतपणे म्हणायचं. तरी लिहिलं गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी चिटणीसांना पत्र देऊन पोच घ्यायची. शिवाय पुढच्या सभेचा पहिला विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. बहुतेक ठिकाणी वाचल्याशिवायच कायम होतं. तुम्ही वाचायला लावा. चूक दुरुस्त करून घ्यायची हीच वेळ असते.

आपल्या नात्यातल्या कुणाचं काम निघालं तरीही हेच. माझ्या भाच्याचा छापखाना आहे. अहवालाच्या छपाईची दरपत्रकं आली तेव्हा मी आधी नातं सांगितलं, खोलीबाहेर गेले आणि तसं लिहून घेतलं. काम दुसऱ्याला मिळालं. भाचा रुसला, पुढच्या दिवाळीला आला.

कागद एवढे सांगितले, पण विश्वस्ताचा खरा उपयोग वसतिगृहात जाऊन बसण्यात आहे. मी अधूनमधून न कळवता संध्याकाळी जाते आणि मुलींच्या पंगतीला जेवते. एकदा न्हाणीघराच्या दाराशी खिळ्याला टॉर्च टांगलेला दिसला. विचारलं तर एक लहान मुलगी म्हणाली, 'दिवा गेलाय ना.' पंधरा दिवस झाले होते. रेक्टरबाईंना सांगितलं तर त्यांनी अर्ज दाखवला: बल्ब घेण्याबाबत, चिटणीसांच्या सहीसाठी. चिटणीस मुलाकडे पुण्याला गेलेले. एका बल्बसाठी मुली अंधारात अंघोळ करत होत्या, आणि त्यात रेक्टरबाईंची काही चूक नव्हती. खर्चाचा अधिकारच आम्ही त्यांना दिला नव्हता. पुढच्या सभेत ठराव केला: किरकोळ दुरुस्तीला महिन्याला 2,000 रुपये रेक्टरांनी परस्पर खर्चावेत, पावत्या महिनाअखेर द्याव्यात. त्या खिळ्याला आता टॉवेल असतात.

एक पथ्य मात्र पाळा. तिथे जाऊन रेक्टरला किंवा स्वयंपाकाच्या मावशींना परस्पर हुकूम देऊ नका. सात विश्वस्तांनी सात गोष्टी सांगितल्या की ती माणसं कुणाचंच ऐकेनाशी होतात. बघायचं, विचारायचं आणि सभेत मांडायचं.

वेळेचं म्हणाल तर 'महिन्याला एक मीटिंग' हे खरं नाही. मीटिंगआधी कागद वाचायला एक संध्याकाळ, वसतिगृहात एक चक्कर, मार्चनंतर हिशेब पुरे होईपर्यंत आठवड्याला एखादा दिवस एवढं धरून चला. निवृत्त माणसाला हे झेपतं आणि तुमच्यासारख्या, आयुष्यभर ड्रॉइंग तपासून सही केलेल्या माणसाची आपल्या नाशिकातल्या संस्थांना फार गरज आहे. सार्वजनिक वाचनालय इथे 1840 पासून चालू आहे. इतक्या पिढ्यांत कुणी ना कुणी बसून वह्या तपासल्या असतील, नावनिशी आपल्याला ठाऊक नसली तरी.

त्या मंडळींना लगेच हो किंवा नाही म्हणू नका. 'वही आणि उतारा बघून सांगतो' म्हणा. उतारा द्यायला त्यांनी टाळाटाळ केली तर इथल्या धर्मादाय सह आयुक्त कार्यालयात ट्रस्टचा नोंदणी क्रमांक घालून नकलेसाठी अर्ज करा. हातात आला की विश्वस्तांची नावं आणि मिळकतीच्या नोंदी इथे सगळ्यांसमोर न टाकता मला खासगी निरोपातून कळवा, ओळीओळीने बघू.