गुपचूप दिलेली पावडर आणि इतर प्रश्न

प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातून येवोत की जुळे सोलापुरातून, घोळ एकच दिसतो. आपल्या घरातलं व्यसन 'साधं' आणि शेजारच्या घरातलं 'भयंकर'!

प्रश्न : मिसरीने दात घट्ट होतात, असं विडी वळायला येणाऱ्या बायका म्हणतात. खरं का?

नाही. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरड्या झिजतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दात हलत असतील तर दंतवैद्याकडे जा.

प्रश्न : गांजा तर झाडपाला. त्यानं काय होतंय?

धोतराही झाडालाच लागतो. गांजाने नाडी जलद होते, आठवण आणि वेळेचं भान बिघडतं. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याला, त्यातून घराण्यात कुणाला मनोविकार असेल तर, भास आणि संशयाचा आजार जडण्याचा धोका जास्त. 'माझ्या मागावर माणसं आहेत' असं मुलगा म्हणू लागला की मांत्रिक शोधत महिने घालवू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : वडील रोज शिंदी पितात. ती थंड असते, दारू नव्हे ना?

शिंदी म्हणजे शिंदीच्या झाडाचा रस; ती आंबली की तिच्यात अल्कोहोल आलंच. शिवाय भेसळीच्या शिंदीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं रसायन किंवा झोपेच्या गोळ्यांची पूड असते. असं पिणाऱ्याला एक-दोन दिवस मिळाली नाही की हात थरथरतात, झटके येतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. दवाखान्यात गेल्यावर 'शिंदी पितात' हे आधी सांगा. लाजेने ते लपवलं, तर तपासणी भलत्याच दिशेने जाते.

प्रश्न : नवरा रोज पितो. जाहिरातीतली पावडर भाजीत मिसळायची, त्याला कळतही नाही आणि दारू सुटते म्हणे. मागवू का?

ताई, नका मागवू. हा प्रश्न मला सतत येतो आणि दर वेळी धास्ती वाटते. पाकिटावर 'शंभर टक्के आयुर्वेदिक' असतं, पण आत काय आहे ते धड लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम असेल तर? दारू सोडवायचं हे खरं औषध आहे, आम्ही डॉक्टरही देतो. पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय-यकृत तपासून आणि दारू थांबवल्यावरच. त्यावर दारू प्यायली तर शरीरात दारूपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साठतं. चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. बिचाऱ्याला ठाऊकच नाही की आज पिऊ नये! गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो.

आणि समजा, त्या पावडरीने दारू खरंच एकदम थांबली. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. ती तोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भिंतीवर किडे दिसणं, ताप, बडबड. त्याला खोलीत कोंडून 'उतरू दे' म्हणणारे नातेवाईकही तेच संकट ओढवून घेतात. दवाखान्यात योग्य गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हाच काळ बहुधा सुखरूप पार पडतो. पाकिटाच्या पैशात सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला जाऊन या. नवरा येत नसेल तर आधी तुम्ही एकट्या या.

प्रश्न : कॉलेजातला मुलगा दोन-दोन रात्री जागा, जेवत नाही, दातओठ आवळतो. मेडिकलमधून नशा तपासायचं लघवीचं किट आणू का?

एमडी म्हणजे मेफेड्रोनसारख्या उत्तेजक पदार्थांनी असं होतं, पण मनोविकारातही होतं. साध्या किटमध्ये एमडी अनेकदा सापडत नाही, त्यामुळे 'निगेटिव्ह' पाहून निश्चिंत होऊ नका. छातीत दुखलं, अंग तापलं किंवा तो बेभान झाला तर थेट अपघात विभाग गाठा. नशा उतरल्यावर येणाऱ्या उदासीत आत्महत्येचे विचार येऊ शकतात. त्याला एकटं सोडू नका आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : दवाखान्यात नेलं तर पोलीस पकडतील का?

उपचार मागायला गेलात म्हणून कुणी पकडत नाही. अमली पदार्थाच्या सेवनाचा किंवा त्याच्या अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झाला असला, तरी १९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देतं. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते; विकणाऱ्याला ती नाहीच. गुन्हा दाखल असेल तर वकिलाला विचारा, बाकी माहितीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.