ऑनलाइन लिलावात घेतलेली कलेक्टिबल स्पोर्ट्स कार परत विकताना आधीची किंमत लपवता येते का?

तुम्ही एकदम तीन गोष्टी विचारल्यात. लिलावात घेतलेली जुनी स्पोर्ट्स कार वर्षाच्या आत परत विकली तर पैसे सुटतात का, कुठे विकावी, आणि आपण ती केवढ्याला घेतली हे पुढच्या माणसाला कळू न देता विकता येईल का. पहिल्या दोन गोष्टींवर कोणीही सांगेल, पण तिसरी वाचली आणि मला राहवेना, कारण नेमक्या ह्याच मुद्द्यावर माझं आणि माझ्या मेव्हण्याचं आजतागायत पटलेलं नाही.

लपवता येत नाही. ब्रिंग अ ट्रेलर ह्या अमेरिकन ऑनलाइन लिलाव साइटने २०१४ मध्ये लिलाव सुरू केले, तेव्हापासूनचे निकाल, फोटो, खालच्या कमेंटी सगळं तिथे तसंच आहे, आणि चासी नंबर सर्चमध्ये टाकला की गाडीची कुंडली समोर येते. दुसऱ्या साइटवर विकलीत म्हणून सुटका नाही, सगळीकडचे निकाल एकत्र करून ठेवणाऱ्या साइट्स वेगळ्या आहेतच. तुम्ही नाही लिहिलं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी कमेंटमध्ये जुनी लिंक टाकणार आणि मग उरलेला आठवडा लोक गाडीबद्दल नाही, तुमच्याबद्दल बोलणार. आणि एक लक्षात ठेवा, रिझर्व्ह, म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेली किमान किंमत, गाठला नाही म्हणून न विकलेल्या गाडीची शेवटची बोलीसुद्धा तिथेच राहते. पुढच्या वेळी प्रत्येक जण तो आकडा धरूनच बोलतो, की बाजाराने हिची किंमत एवढीच केली होती.

माझी गाडी १९८७ ची पोर्श ९११ कॅरेरा ३.२. ज्यांना माहीत आहे त्यांना ८७ का ते सांगायला नको, त्या वर्षापासून जुना ९१५ गिअरबॉक्स जाऊन जी-५० आला, हायड्रॉलिक क्लचसकट. ही गाडी लिलावात आली तेव्हा फोटो मस्त होते, संध्याकाळच्या उन्हातले, आणि वर्णन चार ओळींचं. मी फोटो मोठे करून करून बघितले. पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑप्शन कोडचा (गाडी कोणत्या जादा सोयींसकट निघाली त्याचा) एक कागदी स्टिकर असतो, त्या काळच्या पोर्शना फॅक्टरीतूनच लागलेला, तो ह्या गाडीला नव्हता. स्टिकर नाही म्हणजे बहुधा झाकण बदललंय किंवा उघडून नीट रंगवलंय. दुसरं, विकणाऱ्याने सर्व्हिसची बिलं स्कॅन करून टाकली होती त्यात दोन बिलांमध्ये बरीच वर्षं गेलेली पण किलोमीटरचा आकडा जवळपास तोच. एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या, जुन्या) ९११ च्या मीटरमधलं प्लास्टिकचं छोटं गिअर कालांतराने भुगा होतं, काटा व्यवस्थित चालतो, स्पीड दाखवतो, फक्त आकडे पुढे जात नाहीत. हे इतकं कॉमन आहे की ह्या गाड्या बघणारा प्रत्येक जण आधी तेच बघतो. मी दोन्ही गोष्टी कमेंटमध्ये विचारल्या. विकणारा म्हणाला, मला काही माहिती नाही, मी घेतली तेव्हा अशीच होती. तेवढ्याने बरेच जण मागे सरले आणि शेवटच्या दोन मिनिटांत, जिथे प्रत्येक नव्या बोलीला घड्याळ परत दोन मिनिटांवर जातं, तिथे आम्ही दोघंच उरलो होतो. मला ती रास्त भावात मिळाली आणि त्याचा मला अभिमान आहे. नशीब म्हणू नका, मी वाचलं होतं.

ती मी वापरली. कव्हर घालून ठेवली नाही. मीटर उघडून गिअर बदलून घेतलं, आकडा होता तिथूनच पुढे सुरू केला आणि त्या कामाचं बिल जपून ठेवलं. व्हॉल्व्ह कव्हर आणि खालच्या ऑइल रिटर्न ट्यूब गळत होत्या त्या केल्या. ३.२ च्या व्हॉल्व्ह गाइड झिजतात हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून सहाही सिलिंडरची लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमधून किती हवा गळते ते मोजणारी) करून आकडे लिहून घेतले. रंगाच्या थराची जाडी मोजणाऱ्या पेंट मीटरने सगळे पॅनल मोजले. फॅक्टरीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो, पुढचं झाकण आणि उजवं पुढचं फेंडर दोनशेच्या वर निघालं, बाकी सगळीकडे मूळ रंग. म्हणजे कधीतरी पुढच्या कोपऱ्याला ठोकलेली होती, मोठं काही नाही, आतलं पत्र्याचं काम सरळ आणि मूळ स्पॉट वेल्ड जागेवर.

मग विकायची वेळ आली. माझा मेव्हणा गाड्यांच्या खरेदी-विक्रीतच आहे, रोजच्या वापराच्या गाड्या, आणि त्यात तो हुशार आहे हे मी कधीच नाकारलं नाही. त्याने माझा मसुदा वाचला आणि म्हणाला, "दाजी, हे काय लिहिलंय तुम्ही? मीटर बंद होतं, झाकण रंगवलेलं, स्टिकर नाही. कोणी विचारलं तर सांगा की. आपण होऊन कशाला?" मी म्हटलं अरे विचारणारच आहेत, जुना लिलाव उघडा आहे, माझेच प्रश्न तिथे माझ्या नावाने लिहिलेले आहेत. तर म्हणे मग दुसऱ्या साइटवर टाका, नवे फोटो काढा, खालून ड्राय आइसने साफ करून घ्या, चकाचक दिसली की लोक जुनं शोधत बसत नाहीत. आणि कोल्ड स्टार्टचा, म्हणजे थंड इंजिन सुरू करतानाचा, व्हिडिओ बघून तर तो हटूनच बसला, सुरुवातीचे पाच सेकंद कापा म्हणे, निळा धूर दिसतोय.

तो धूर मी मुद्दाम ठेवला. आडव्या सिलिंडरचं इंजिन आहे, गाडी काही दिवस उभी राहिली की थोडं ऑइल पिस्टनच्या रिंगांच्या पलीकडे उतरतं आणि सुरू करताना एक भपका येतो, मग स्वच्छ. गरम झाल्यावरही धूर येत राहिला तर काळजी. ज्याला ९११ कळते तो त्या भपक्याने घाबरत नाही, उलट कापलेला व्हिडिओ बघून घाबरतो, की ह्याने नक्की काय कापलं. हे मी त्याला समजावलं, त्याने ऐकलं आणि म्हणाला, "तुम्ही घेणाऱ्याची बाजू घेऊन विकताय." बरोबर आहे, घेतोच आहे. मी आधी घेणारा होतो तेव्हा माझ्या बाजूने कोणी नव्हतं.

तर मी वर्णनाच्या पहिल्याच परिच्छेदात जुन्या लिलावाची लिंक दिली. आधीची किंमत, त्यानंतर मी केलेली कामं तारखांसकट, बिलं, पॅनलवाइज मायक्रॉनचे आकडे, लीक-डाउनचे आकडे, इंजिन आणि गिअरबॉक्सवरच्या नंबरांचे फोटो, टायरवरचा चार आकडी कोड वाचता येईल असा फोटो (पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष, लोक बघतात), खालची बाजू न धुता. आणि स्पष्ट लिहिलं की खरे किलोमीटर माहीत नाहीत. ह्या तीन-चार शब्दांना मेव्हणा सगळ्यात जास्त घाबरत होता. "लोक म्हणणार मीटर फिरवलंय." एकानेही म्हटलं नाही. कारण फिरवलेलं मीटर आणि बंद पडलेलं मीटर ह्यातला फरक कागद दाखवतात, आणि कागद मी आधीच टाकले होते.

आठवडाभर कमेंटी आल्या आणि मी प्रत्येकाला उत्तर दिलं, त्याच दिवशी. एकाने लिहिलं, "आणखी एक फ्लिपर." फ्लिपर म्हणजे नफ्यासाठी घेऊन लगेच विकणारा. तुम्हीही प्रश्नात लिहिलंय की फ्लिपर म्हणतील ह्याची भीती वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. विकत घेऊन विकणं हा गुन्हा नाही. पण जो माणूस गाडी घेतो, आधीच्या माणसाने काढलेले फोटो आणि त्याचंच वर्णन चिकटवतो आणि महिन्याभरात वरचा आकडा लावून तीच गाडी परत टाकतो त्याने गाडीत काहीही घातलेलं नाही, त्याला लोक जे म्हणतात ते योग्यच म्हणतात. मी त्या कमेंटखाली कामांची यादी परत टाकली, बस. तो माणूस नंतर गप्प राहिला, आणि दुसऱ्या दिवशी एक जण आला ज्याच्याकडे आधीपासून एक ३.२ होती, त्याने फक्त एवढंच विचारलं की ऑइलची लेव्हल गरम इंजिन चालू ठेवून बघितली होती का. मला तेव्हाच वाटलं की घेतली तर हाच घेणार. त्यानेच घेतली. गाडी घ्यायला आला, पेंट मीटर स्वतःचा घेऊन आला, मोजलं, माझ्या आकड्यांशी जुळवलं आणि एक शब्द न बोलता चावी मागितली. नंतर ना फोन, ना भांडण, ना पैसे परतची मागणी.

खर्च वजा जाता मला पैसे सुटले. खूप नाही. त्याच सीझनमध्ये तशीच एक ८७ ची, स्टिकरवाली, माझ्यापेक्षा बरीच जास्त गेली आणि मेव्हण्याने ती लिंक मला अजून जपून ठेवलीय, कौटुंबिक कार्यक्रमात काढतो. "दाजी, तुम्ही पैसे टेबलावर सोडलेत." अरे पण तिला स्टिकर होता! मूळ रंग होता, मीटर सलग चाललेलं होतं. ती दुसरी गाडी आहे. माझ्या गाडीला त्या गाडीची किंमत फक्त एकाच मार्गाने मिळाली असती, ती तशी आहे असं भासवून. हे त्याला मान्य नाही आणि मला त्याचं मान्य नाही. तो म्हणतो न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नाही. मी म्हणतो ज्याने दोषावर स्वतः बोट ठेवून भाव पाडून गाडी घेतली त्याला विकताना "मला माहीत नव्हतं" म्हणायचा अधिकारच राहत नाही. त्याने हे उत्तर वाचलं तर वाचू दे.

आता किती थांबावं. महिने मोजू नका, गाडी तुमच्या हातात आल्यावर तिच्यात काय बदललं ते मोजा. काहीच बदललं नसेल तर वर्षभराने पण तोच आकडा येईल, किंवा कमी, कारण बाजार काही आपल्यासाठी चढत नसतो. २०२१-२२ मध्ये काहीही केलं तरी वर जात होतं आणि त्या काळात घेतलेल्यांपैकी अनेक जण पुढे रिझर्व्ह न गाठता परत गेलेले मी बघितलेत. एकाच सीझनमध्ये एकाच साइटवर परत टाकू नका, बोली लावणारे तेच लोक असतात, ज्यांनी तेव्हा हात आखडला ते आता जास्त का देतील. आणि खर्च धरा. खरेदीदाराची फी ऑनलाइन साइटवर साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असते, मोठ्या लिलाव कंपन्यांच्या प्रत्यक्ष लिलावात १० टक्के आणि वर, मग ट्रान्सपोर्ट, नोंदणी, विमा, आणि कुठलीही जुनी स्पोर्ट्स कार घरी आली की पहिली सर्व्हिस मागतेच. माझ्या मते गाडी घेतलेल्या आकड्याच्या दहा टक्के वर गेली तरी तुमच्या हातात काही उरत नाही. फेरारी ३५५ सारखं काही असेल, जिचा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिनच खाली काढावं लागतं, तर हिशोब अजून वेगळा, बेल्ट नुकताच झालाय की व्हायचाय ह्यावरच व्यवहार फिरतो.

कुठे विकावी ह्यावर थोडक्यात, जिथे त्या मॉडेलचे जाणकार लोक बोली लावतात तिथे. गाडी खूप खास असेल आणि लिलावाला तोंड द्यायची इच्छा नसेल तर त्या मॉडेलमधल्या स्पेशालिस्ट डीलरकडे कन्साइनमेंटवर द्या, म्हणजे गाडी तुमचीच, विकून तो देतो आणि कमिशन घेतो. आकडा कमी मिळेल, डोकं शांत राहील.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. मी लिहिलंय ते माझ्या गाडीवरून आहे, आणि ३.२ ही खूप संख्येने निघालेली गाडी आहे, अगदी थोड्या निघालेल्या मॉडेलचे नियम वेगळे असतात. विकण्याआधी गाडी तुमच्या नावावर झालेली असलीच पाहिजे, आधीच्या मालकाच्या सहीचे कागद थेट तिसऱ्याला देणं अनेक ठिकाणी बेकायदेशीर आहे. वारंवार घेत-विकत असाल तर कर खातं तुम्हाला व्यापारी धरू शकतं, ते आधी सीएला विचारा, मला नको. विमा ठरवून दिलेल्या किमतीचा घ्या, नेहमीचा घसाऱ्याचा नको, विक्री होईपर्यंत आणि ट्रान्सपोर्टच्या ट्रकवरसुद्धा. आणि मॉडेल कोणतं आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीये, ते आणि जुन्या लिलावाची लिंक इथे टाका, तिथल्या कमेंटी वाचून सांगतो विकण्याआधी काय करून घ्यायला हवं.