किल्ली आणि पगार

प्रिय भाऊ,

परवा धुळ्याच्या बसस्थानकावर, खात्याची नोकरी सोडून डिस्टिलरीत, म्हणजे दारूच्या कारखान्यात, लायझनिंगला जाऊ नकोस म्हटल्यावर तू विचारलंस, "पण नियमात कुठं अडतं ते सांगा." तेवढ्यात तुझी गाडी लागली. तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात आहे.

नियमात अडत नाही. केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांत गट 'अ'च्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खासगी नोकरीसाठी सरकारची आगाऊ परवानगी लागते. तू राज्य उत्पादन शुल्कातला दुय्यम निरीक्षक, गट 'क'चा, तेही राजीनामा देऊन निघणारा. पण नियम शोधतोस कशाला? ज्या डिस्टिलरीच्या कुलपाची किल्ली आपल्या खिशात होती, तिच्या मालकाचा पगार घ्यायचा नाही.

लायझनिंगचे, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करून घेण्याचे, दुप्पट पैसे ते कशाचे देतात? स्पिरिट गाळायला त्यांच्याकडे केमिस्ट आहेत. त्यांना हवंय ते वेगळंच: फाइल कोणत्या टेबलावर अडते, नवापूरकडे भरारी पथक रात्री कुठं थांबतं, आणि तुला पाहून कोण खुर्चीतून उठतं.

मी खात्यात असताना असाच उठलो होतो. ज्या साहेबांनी मला डिपरॉड, म्हणजे मापाची सळई, टाकून टाकी मोजायला शिकवलं, तेच निवृत्तीनंतर एका डिस्टिलरीचे माणूस म्हणून समोर आले. टँकरमधून वाटेत कमी झालेलं स्पिरिट मर्यादेबाहेर होतं, खुलासा मागायला हवा होता. साहेब म्हणाले, "मे महिना आहे, एवढं उडतंच." मी चहा मागवला आणि सही केली. लाच नाही, धमकी नाही. ती सही अजून डोळ्यांसमोर येते. उद्या माझ्या जागी तुझ्याच बॅचचा कुणी पोरगा असेल. त्याच्यावर ही वेळ तू आणणार?

"मी तसं काही सांगणारच नाही," म्हणशील. माले पटत नही भाऊ. साहेबांनीही काही सांगितलं नव्हतं, ते नुसते येऊन बसले होते. किल्ली होती तिथं पगार नाही, बस.

मलाही निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात फोन आला होता. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज होतं, तरी नाही म्हणालो. घरात अजून ऐकून घेतो. बायकोचं चुकतं असं नाही, हप्ते तिनेच काटकसर करून फेडले. पण मला पुन्हा कुणाला खुर्चीतून उठवायचं नव्हतं. आजही तेच करीन.

राजीनामा दिला नसशील तर थांब. दिला असेल तर रविवारी शिरपूरला ये. सूतगिरणीत, दूध संघात, जिथं ओळख आहे तिथं शब्द टाकतो. डिस्टिलरीचं नाव मात्र माझ्या ओट्यावर काढू नकोस.

तुझा,
काका