कवटीचं स्टिकर आणि सोळावा आकडा

वाचकांचे प्रश्न : संगणक, मोबाइल, कॉमिक्स

शाहूपुरीहून एक वाचक : आमचं गुळाचं आडत दुकान आहे. हमाल-तोलाईदारांचे पैसे आता बँकेतूनच देतो. खाते क्रमांकांची एक्सेल शीट बँकेला पाठवली की काही नोंदी परत येतात. बघितलं तर शेवटचा आकडा शून्य झालेला असतो. टाइप करताना बरोबर होता, हे नक्की. काय भानगड आहे?

तुमचं टायपिंग बरोबरच आहे. एक्सेल कोणतीही संख्या फक्त पंधरा आकड्यांपर्यंत अचूक ठेवतं. सोळावा आकडा आला की त्याचा शून्य करतं, आणि तेही न विचारता. खाते क्रमांकाची कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही, पण एक्सेलला तो रकमेसारखाच दिसतो. बारा आकड्यांपासून पुढे ते तो 'ई प्लस'च्या रूपात दाखवतं. तिथवर नुसतं दिसणं बदललेलं असतं. सोळाव्याला मात्र आकडाच जातो, आणि नंतर फॉरमॅट कितीही बदलला तरी परत येत नाही. मूळ पासबुकावरून पुन्हा भरणं एवढाच उपाय उरतो.

पुढच्या वेळी रिकामा कॉलम आधी निवडा, फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन 'टेक्स्ट' करा आणि मगच आकडे भरा. दोन-चारच खाती असतील तर आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह दिलं तरी चालतं. कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. 'कन्व्हर्ट टू नंबर'वर क्लिक केलं की सगळं मुसळ केरात.

बँकेकडून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी यादी) येत असेल तर ती डबलक्लिकनं उघडू नका. उघडून सेव्ह केली तरी आकडे जातात. 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' निवडा. लिबरऑफिस कॅल्क इथे जास्त शहाणं आहे. ते सीएसव्ही उघडण्याआधी चौकट दाखवतं, तिथे कॉलमवर क्लिक करून 'टेक्स्ट' म्हणायचं. फुकट आहे, आणि एवढ्या कामाला पुरून उरतं.

पाठवण्याआधी शेजारच्या कॉलममध्ये लेन हे सूत्र लावा. ते क्रमांकाची लांबी सांगतं, त्यामुळे गळलेला पहिला शून्य लगेच कळतो. बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड अकराच अक्षरांचा हवा आणि त्यातलं पाचवं अक्षर शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे. अर्ध्या नोंदी या एका ओपायी अडकतात. एकच खातं दोनदा आलंय का हे काउंटइफनं तपासत असाल तर आणखी एक गंमत आहे. क्रमांक टेक्स्टमध्ये ठेवले तरी काउंटइफ त्यांना संख्याच समजतं आणि पहिले पंधरा आकडे जुळले की दोन वेगळी खाती एकच ठरवतं. निकषाला शेवटी चांदणी (*) जोडली की ते शब्द म्हणून जुळवतं.

मंगळवार पेठेतून एका तरुण मंडळाचे कार्यकर्ते : गणेशोत्सवाचं पत्रक मोबाइलवर मराठीत टाइप करून छापखान्यात पाठवतो. छापून येतं तेव्हा वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली. छापखानावाले म्हणतात तुमचा मजकूर खराब, आम्ही म्हणतो तुमचा संगणक खराब. खरं काय?

दोन्ही ठीक आहेत, त्यांची भाषा वेगळी आहे. मोबाइल युनिकोडमध्ये लिहितो. 'कि' लिहिलं की आत आधी क आणि मग पहिली वेलांटी साठवली जाते, आणि ती क च्या आधी दाखवायचं काम सॉफ्टवेअर करतं. छापखान्यातले जुने फॉन्ट याच्या उलटे. त्यांत वेलांटी जिथे दिसते तिथेच आधी टाइप करायची, आणि प्रत्येक तुकडा आतून इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ सालची. तिला युनिकोड मराठी येतच नाही, तरी कित्येक ठिकाणी ती अजून चालू आहे, कारण कामगाराचा हात तिच्यावर बसलाय. त्यात आम्हाला वावगं वाटत नाही.

उपाय दोन. पहिला म्हणजे मजकूर तुम्हीच मांडून पीडीएफ द्या, फॉन्ट आत बसवून. दुसरा म्हणजे छापखान्याला कन्व्हर्टरनं मजकूर त्यांच्या फॉन्टमध्ये बदलू द्या आणि प्रूफ स्वतः वाचा. वाचताना सगळीकडे सारखं लक्ष द्यायची गरज नाही. ऱ्य, ॲ, ऋ, द्ध, द्य, द्व, अवतरणचिन्हं आणि आकडे, मोडतं ते इथेच. छापखान्यात इनडिझाइन हे पानं मांडायचं नवं सॉफ्टवेअर असेल तर परिच्छेदाच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडायला सांगा. साधा कंपोझर चालू राहिल्यामुळे चांगल्या सॉफ्टवेअरमध्येही वेलांट्या फुटतात. मजकुराची भाषा 'मराठी' ठेवली की चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात. 'हिंदी' राहिली तर हिंदी वळणाचे.

ऱ्य ची चूक मात्र तुमची असू शकते. र ला हलन्त देऊन य लिहिला की रफार येतो. महाप्रसादाच्या आचाऱ्यांचा सत्कार करायला जाता आणि पत्रकात आचार्यांचा सत्कार छापून येतो. विंडोजच्या मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची कळ दाबा, खाली टिंब असलेला ऱ येईल. मग डी म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीवरचा य. कन्व्हर्टरनंतर हे अक्षर पुन्हा बघायचंच.

फलकाचंही सांगून टाकतो, कारण पुढचं पत्र त्याचंच असणार. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो आक्रसून लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेलचा होतो. दहा फुटी फलक म्हणजे १२० इंच. इंचाला तेरा पिक्सेल उरतात. मग भावी नगरसेवकाचा चेहरा फरशी बसवल्यासारखा दिसला तर छापणाऱ्याचा दोष नाही. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी जाते, मर्यादा २ जीबीपर्यंत.

राजारामपुरीतून एक आई : मोठा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं गाडीवर पांढऱ्या कवटीचं स्टिकर लावलंय, म्हणतो पनिशर म्हणून हिरो आहे. मी वाचून बघितलं तर तो माणूस सरळ लोकांना मारत सुटतो. हा कसला हिरो? आणि धाकटा तेरा वर्षांचा आहे, त्याला काय वाचायला द्यावं?

तुमचं वाचन बरोबर आहे. पनिशर १९७४ मध्ये स्पायडरमॅनच्या मासिकात आला तोच मुळी त्याच्या जिवावर उठलेला म्हणून. कुटुंब मारलं गेलं, कायद्यावरचा विश्वास उडाला, आता स्वतःच शिक्षा देतो, एवढी त्याची कहाणी. चांगल्या लेखकांच्या हातात ती शोकांतिका होते, कारण कितीही मारले तरी त्याला घर परत मिळत नाही. वाईट लेखकांच्या हातात नुसती बंदुकांची जाहिरात होते. अमेरिकेत काही पोलिसांनी ही कवटी मिरवायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या निर्मात्यांपैकी गेरी कॉनवे यांनी जाहीर आक्षेप घेतला. ज्यांनी कायदा राखायचा त्यांनी कायदा मोडणाऱ्याचं चिन्ह लावणं उलटं आहे, असा त्यांचा मुद्दा. खुद्द त्याच्या प्रकाशकानं, मार्व्हलनं, २०२२ च्या मालिकेत त्याचं चिन्ह बदललं.

नायक आणि अँटिहिरो (चुकीच्या मार्गानं जाणारा नायक) यांतला फरक आम्ही एका प्रश्नानं करतो : चुकीच्या मार्गाची किंमत कथा त्याच्याकडून वसूल करते का? करत असेल तर वाचावं. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये आलेला जज ड्रेड हा पोलीस, न्यायाधीश आणि जल्लाद एकाच गणवेशात. ते पात्र उपहास म्हणून रचलेलं आहे, तरी त्याला आदर्श मानणारे निघालेच. पात्राचा दोष थोडा, वाचकाच्या घाईचा जास्त. बॅटमॅनला मात्र या यादीत घालू नका. तो अंधारात फिरतो म्हणून अँटिहिरो होत नाही. न मारण्याचा नियम तो सहसा पाळतो.

धाकट्यासाठी वुल्व्हरिन घ्या, पण एक्स-मेनच्या टोळीसोबतच्या कथांतला. आजूबाजूला माणसं असली की त्याचा राग आवरलेला असतो, एकट्याच्या मालिका बऱ्याच रक्ताळलेल्या आहेत. कॅटवुमनही चांगली. १९४० पासून चोरी करतेय आणि अजून तिचं मन पुरतं कळलेलं नाही. मुखपृष्ठावर मार्व्हलचा 'मॅक्स' किंवा डीसीचा 'ब्लॅक लेबल' असा शिक्का असेल तर तो अंक मोठ्यांसाठी आहे. चित्रं रंगीत दिसली म्हणून घेऊ नका.

स्टिकर? टाकीवर असेल तर असू दे, वय आहे. नंबरप्लेटवर असेल तर आजच काढायला लावा. तिथे कवटीच काय, देवाचं नावसुद्धा चालत नाही.

कसबा बावड्यातून : मुलगी वहीत कॉमिक काढते, मराठी संवाद घालून. नातेवाइकांना पुस्तक करून द्यायचंय आणि इन्स्टाग्रामवरही टाकायचंय. कसं करू?

मोबाइलनं फोटो काढू नका, कडा वाकतात. झेरॉक्सच्या दुकानात ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून पीएनजी घ्या. रेघांच्या वहीत काढलं असेल तर जिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कलर्स, कंपोनंट्स, एक्स्ट्रॅक्ट कंपोनंट असं जाऊन 'आरजीबी ब्लू' निवडा. निळसर रेघा जवळजवळ पांढऱ्या होतात आणि पेन्सिल टिकते. मग लेव्हल्समध्ये पांढरी बाजू थोडी आत ओढा. चित्र रंगवलेलं असेल तर ही युक्ती नको, रंग जातील.

संवादांचं एक सांगा तिला : आधी अक्षरं लिहायची, मग भोवती फुगा काढायचा. मराठीत ओळीच्या वर मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजी कॉमिक बघून काढलेल्या फुग्यात ते मावत नाहीत आणि दुसऱ्या ओळीची वेलांटी पहिल्या ओळीच्या उकारात घुसते.

पुस्तकासाठी पानांची संख्या चारच्या पटीत हवी : १२, १६, २०. अक्रोबॅट रीडरच्या प्रिंट चौकटीत 'बुकलेट' निवडा, दोन्ही बाजू, बाइंडिंग डावीकडे. ए-फोर कागद मध्ये दुमडून ए-फाइव्ह पुस्तक होतं. पाठपोट छापताना प्रिंटरला कागद लहान कडेवर उलटायला सांगायचं. मोठ्या कडेवर उलटला की मागची पानं डोकं खाली पाय वर येतात. सगळ्या प्रती काढण्याआधी एक काढून दुमडून बघा.

इन्स्टाग्रामला १०८० बाय १३५० ची पांढरी चौकट करून पान त्यात मध्यभागी बसवा. ए-फाइव्ह पान त्या उंचीला साधारण ९५५ रुंद येतं. थेट टाकलं तर वरचा-खालचा भाग कापला जातो. एका पोस्टमध्ये २० चित्रं बसतात, पण पहिल्या चित्राचं माप बाकीच्यांना लागू होतं, म्हणून सगळी एकाच मापाची करा. ई-मेलनं पाठवायचं तर चित्रं झिप करून शेवटचं नाव सीबीझेड करा, कॉमिक वाचणारी ॲप ती थेट उघडतात. नावं ००१, ००२ अशी द्या. १, २, १० दिलीत तर काही ॲपमध्ये एकनंतर दहावं पान उघडतं आणि खलनायक दुसऱ्याच पानावर मरतो.

फुटबॉलप्रेमी, शिवाजी पेठ : आम्ही शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांचं इन्स्टा पेज चालवतो. सामना हरला की कमेंटमध्ये शिव्यांचा पाऊस. बंद कसा करायचा?

सेटिंग्जमध्ये 'हिडन वर्ड्स' उघडून स्वतःची यादी भरा, प्रत्येक शिवी देवनागरीत आणि रोमन लिपीतल्या सगळ्या स्पेलिंगांत. यादी करायला बसलात की तुमचंही शब्दभांडार वाढेल. कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या डर्बी सामन्याच्या दिवशी 'लिमिट' चालू करा. फॉलो न करणारे आणि नुकतेच आलेले यांच्या कमेंट त्यानं लपतात, आणि बाहेरून आलेली टोळी तीच असते. पेज पाच जण चालवत असाल तर सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरणं सोडा. कोड एकाच्या फोनवर येतो आणि तो नेमका गावाला गेलेला असतो. मेटा बिझनेस सूटमधून प्रत्येकाला वेगळा प्रवेश देता येतो.

गडहिंग्लजहून : व्हॉट्सॲपचे फोटो रोज डिलीट करतो, तरी जागा भरलेलीच. आता जीमेलही येईना.

गॅलरीतून काढलेले फोटो आधी ट्रॅशमध्ये जातात, तिथे निदान महिनाभर पडून राहतात. ट्रॅश रिकामी करा. मग व्हॉट्सॲपच्या 'मॅनेज स्टोरेज'मध्ये '५ एमबीपेक्षा मोठे' आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' हे दोन कप्पे साफ करा. सुप्रभात तिथेच साचलेलं असतं. जीमेलचं कारण वेगळं आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या फुकट १५ जीबीत मोजला जातो, ते भरले की मेल स्वीकारणंच बंद. चॅट बॅकअपमध्ये 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद करून एक नवा बॅकअप घ्या.

इचलकरंजीहून, एका ओळीत : डोगा की डेडपूल?

डोगा. डेडपूल १९९१ चा, वेड विल्सन हे त्याचं खरं नावच डीसीच्या डेथस्ट्रोक या खलनायकाची, म्हणजे स्लेड विल्सनची, खोडी काढायला ठेवलेलं, आणि वाचकाशी थेट गप्पा मारायची त्याची सवय नंतर आली. मजा येते, पण चार अंकांनी विनोद पुन्हा तेच वाटायला लागतात. राज कॉमिक्सचा डोगा कचऱ्यात सापडलेलं मूल, कुत्र्याचा मुखवटा घालून मुंबईत फिरतो, आणि त्याचा राग कुठून आला हे प्रत्येक वेळी कळतं. जुने अंक घेणार असाल तर मधलं पान उघडून पिना बघा. गंजल्या असतील तर पावसाळ्यात तो गंज कागदात उतरतो. पिन हलक्या हातानं उपसून काढा, त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ आतल्या बाजूला मारा. चिकटपट्टी अजिबात नको, तिचा डिंक पिवळा पडतो आणि पान घेऊनच निघतो.